तिसरं कलम आणि आबांचा सॅक्सोफोन

वरातीत ज्याच्या सुरावर तुम्ही घाम निघेस्तोवर नाचलात, त्या सॅक्सोफोनच्या आत कातडं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

नव्हतं ना? मलाही नव्हतं. तुमचं न ठाऊक असणं खपून जाईल. मी मात्र तेव्हा कातड्याविरुद्ध पत्रक काढून बसले होते, आणि सॅक्सोफोन आमच्याच घरात होता. कराडच्या आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत, खुंटीवर, आबांच्या फौजी कोटाशेजारी.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतल्या बँडात नोकरी करून पेन्शनवर आलेले. येताना सोबत ट्रंक, ब्लँकेट आणि तिकडं कुणाकडून तरी घेतलेला हा जुना सॅक्सोफोन. आमच्या वस्तीची बँडपार्टी होती. तीत ज्याचं वाद्य स्वतःचं, तो पुढच्या ओळीत चालायचा. म्हणून आबा पुढच्या ओळीत.

आणि मी पत्रकांवर वाढलेली. हे अलंकारिक बोलत नाही. माझे काका साताऱ्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाई फिसकटलेली, उलटी छापली गेलेली पत्रकं ते गठ्ठ्यानं घरी आणायचे. मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूला वाचायला शिकले. त्यामुळे ‘कमळ’, ‘बदक’ हे शब्द मला फार उशिरा भेटले. ‘निषेध’, ‘जाहीर’ आणि ‘बंधूंनो’ आधी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा मला एकच खंत होती, की माझं स्वतःचं पत्रक अजून निघालेलं नाही.

ते मी त्या वर्षी काढलं. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पत्रकात तीन कलमं होती. पहिलं, मेलेलं ढोर ओढणार नाही. दुसरं, मागून आणलेलं शिळंपाकं खाणार नाही. ही दोन्ही काही माझी नव्हती. धम्म घेतला तेव्हाच थोरल्या माणसांनी ती कामं सोडली होती. पण दोन कलमांचं पत्रक फार आखूड दिसत होतं. म्हणून मी तिसरं जोडलं: कातड्याची कोणतीही वस्तू घरात ठेवणार नाही. काकांनी ते गुलाबी कागदावर छापून दिलं. समाजमंदिरात मी ते हात उंचावून वाचलं आणि सगळ्या वस्तीच्या सह्या घेतल्या. पहिली सही आबांची. सही करताना ते मिशीत हसल्यासारखं वाटलं होतं. मला वाटलं, अभिमान.

आता बाजाकडे, म्हणजे त्या सॅक्सोफोनकडे येते. आदल्या वर्षी सांगलीत जयंतीच्या मिरवणुकीत आमची पार्टी वाजवायला गेली होती. भर चौकात आबांनी खालचा जाड सूर लावला, आणि सुराऐवजी आली शिंक. परत फुंकलं, परत शिंक. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आरं, म्हाताऱ्याला सर्दी झालीया, काढा द्या!” लोक हसले. पार्टीतलेही हसले, फक्त तोंडात वाद्यं होती म्हणून कमी दिसलं.

पत्रकानंतरच्या मार्चात बँडमास्तर घरी आले. ते ट्रम्पेट वाजवायचे आणि आबांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते, त्यामुळे फार अदबीनं अपमान करायचे.

“आबा, औंदा बी सांगलीला जायाचं हाय. बाजा नीट झाला तर तुमी पुढं. न्हाईतर आसं करू, क्लॅरिनेटवाल्याला पुढं घेऊ नि तुमी मागं खुळखुळं घ्या. चालायचा तरास न्हाई, फुकायचा तरास न्हाई.”

“ठीक हाय,” आबा म्हणाले.

मास्तर गेल्यावर आबांनी ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवली. आबा भाकरी ठेवत नाहीत. खुळखुळा हा शब्द त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

मिरजेला वाद्यं करणारे खूप, म्हणून आबा आधी तिकडं जाऊन आले. तिथला कारागीर म्हणाला, आम्ही तारांची माणसं, आमच्याकडं सतार आणा. फुंकायचं काही आणू नका. तेव्हा आबांनी ठरवलं, घरीच करायचं. फौजेत हवालदाराच्या हाताखाली त्यांनी हे काम केलं होतं.

काम असं असतं. सॅक्सोफोनच्या अंगावर भोकं असतात. प्रत्येक भोकावर पितळेचं झाकण, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला एक गोल गादी. तिला पॅड म्हणतात. पॅडनं भोक नीट दाबलं, तर सूर. केसाएवढी फट राहिली, तर वारा निसटला आणि शिंक. अशी चोवीस-पंचवीस पॅडं, बटणापासून बशीएवढ्यापर्यंत. जुनी खरवडून काढायची, झाकण तापवून त्यात लाख वितळवायची, नवं पॅड बसवायचं आणि गार होईपर्यंत दाबून धरायचं.

आबांनी जुन्या धोतरावर सगळे भाग मांडले. माझी बोटं बारीक म्हणून पॅडं काढायचं काम माझ्याकडं. पहिलंच पॅड मी चाकूनं उचकटलं. उजेडात धरलं. मागं पुठ्ठा, मध्ये लोकर, आणि वरून तपकिरी, पातळ, सुरकुतलेलं काहीतरी ताणून बसवलेलं. मी त्याचा वास घेतला.

“आबा, हे कातडं आहे.”

“मग? पुरणपोळी असंल आसं वाटलं व्हय तुला?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“वीस वर्सं फुकतोय त्यात.”

“मग सही कशी केलीत?”

“तू समद्यांम्होरं कागद धरलास. पोरगी एवढं लिवून आलीया, म्हनलं, आता हिला नाट लावाय नको.”

मला राग आला. तो नेमका कुणाचा, हे तेव्हा कळलं नाही, पण तो मी कातड्यावर काढला. म्हटलं, नवी पॅडं बिनकातड्याची करायची. कातडं हेच एक मऊ असतं असं कुणी सांगितलं? शास्त्र पुढं गेलंय. माणूस चंद्रावर जाऊन आलाय. आबा म्हणाले, चंद्रावर सॅक्सोफोन नेला नव्हता. पण अडवलं नाही.

मग मी रेक्झिन आणलं. एसटी स्टँडामागं सीटा शिवणारा एकजण होता, त्याच्याकडचे तुकडे. मऊ, चकचकीत, दोन रंगांत. लोकरीसाठी आबांच्या फौजी ब्लँकेटचा कोपरा कापला. आईनं तो कापताना एकदाच माझ्याकडं पाहिलं. पुठ्ठा वहीचा. गोल आखायला औषधाच्या बाटलीची टोपणं, वाट्या, पावडरीच्या डब्याचं झाकण. लाख सोनाराकडून. स्टोव्हवर झाकण तापवलं की खोलीत लाखेचा गोडसर वास सुटायचा आणि आबा फौजेत असल्यासारखे हुकूम द्यायचे, “दाब! धर! आता हालू नगं!” मी हलायची नाही. शेजारची आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, दारात बसून बघायची. “बाजाला गोधडी शिवायलीस व्हय गं?” ती विचारायची.

फट तपासायची रीत आबांना ठाऊक होती. पातळ कागदाची पट्टी भोक आणि पॅड यांच्यामध्ये ठेवायची, झाकण दाबायचं आणि पट्टी ओढायची. पट्टी अडकली तर पॅड बसलं, सुटून आली तर तिथं फट. हाताशी कागद एकच, माझं पत्रक. पट्ट्या कापल्या. सगळीकडं अडकल्या. मी आनंदानं उड्या मारल्या. आबा म्हणाले, “तुजा कागुद लय जाड हाय. ह्यो कुठंबी अडकनार.” मग पतंगाचा कागद आणला. त्यानं खरं सांगितलं. आठ ठिकाणी फटी निघाल्या, त्या परत तापवून बसवल्या.

पहिल्यांदा वाजवला तेव्हा खरंच छान वाजला. खालचा सूर आला, गुरगुरत, पोटातून. आबांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा ठरवला: ‘रेक्झिनचा विजय’.

तो विजय बारा दिवस टिकला. मग एप्रिल तापायला लागला.

कराडचा एप्रिल ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. समाजमंदिराच्या पत्र्याखाली तालीम होती. आबांनी धून सुरू केली, आणि धुनीबरोबर दुसराच आवाज यायला लागला. चपाक्. चपाक्. चपाक्. उन्हानं रेक्झिन चिकट झालं होतं. झाकण उचलताना ते भोकाला चिकटून राहायचं आणि मग सुटायचं. म्हैस चिखलातून पाय उपसते, तसं. एक सूर तर सुटेचना. आबांनी बोट उचललं तरी तोच वाजत राहिला. ढोलवाल्यानं ढोल थांबवला. ताशावाला पोट धरून खाली बसला.

“आबा,” मास्तर फार गोडीनं म्हणाले, “म्हस कवा घेतली?”

आबांनी बोटानं ते झाकण सोडवलं, बाजा काखेत धरला आणि घरी आले. मिरवणुकीला आठ दिवस उरले होते.

त्या दुपारी मी आबांना काय म्हणाले, ते इथं लिहिते. लिहिलं नाही तर या लिखाणाला अर्थ नाही. मी म्हणाले, “आबा, आपण गुपचूप कातडं लावू. आतल्या अंगाला असतं, कुणाला दिसतंय?”

आबांनी बाजाची चिकट झाकणं एकेक करून उघडझाप करून पाहिली.

“दिसत न्हाई, व्हय,” ते म्हणाले. “पर सही दिसती की.”

“पण तुम्ही मागं जाल!”

“जाईन. खुळखुळं काय वाईट न्हाई. ताल धरावा लागतो त्यालाबी.” मग बाजा खुंटीला लावून म्हणाले, “सही मोडायची आसंल तर समद्यांम्होरं मोडायची. चोरून मोडायची तर केली कशाला?”

पत्रकं लिहिणारी मी, आणि पत्रक पाळणारे आबा. मला तीन कलमं पाठ होती, आबांनी फक्त अक्षर लावून वाचलं होतं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आई बाहेरूनच म्हणाली, “पानी भरून ठेवलंय ते समदं संपवू नगं. आनि रविवारी लोक जमत्यात, तवा बोल. तूच जोडलंस, तूच काढ.”

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी उभी राहिले. इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. म्हणाले, तिसरं कलम मी विचार न करता जोडलं. आबांच्या बाजात कातडं आहे आणि त्याशिवाय तो वाजत नाही. कलम मागं घ्यावं, नाहीतर आबा मागं जातील. काय ते तुम्ही ठरवा.

मग ढोलवाला खाकरला.

“ताई, एक इचारू का? आमच्या ढोलाला काय लावलंय आसं तुमास्नी वाटलं?”

मी ढोलाकडं पाहिलं. गेली तीन वर्षं तो ढोल माझ्या डोळ्यांसमोर होता.

“मग सही का केलीत?”

“आबांनी केली म्हनून केली.”

हळूहळू सगळेच बोलायला लागले. एकाचा फौजी पट्टा पेटीच्या तळाशी होता. एकानं वहाणा शेजारच्या गल्लीत मित्राकडं ठेवल्या होत्या. तो रोज तिथवर अनवाणी जायचा आणि तिथून घालून कामावर. कुणाची पेन्शनीची कागदं ठेवायची पिशवी होती, कुणाचा फुटबॉल. सगळ्यांना वाटत होतं, आपणच एकटे पापी. मास्तर म्हणाले, “ताई, तुमी ज्या दिवशी हात वर करून वाचलं, त्या दिवशी तुमच्या मनगटावर काय हुतं, ते आमी समद्यांनी बघितलं.”

मी मनगट पाहिलं. मॅट्रिक झाल्याबद्दल काकांनी घड्याळ दिलं होतं. पट्टा कातड्याचा होता. तेव्हाही होता, आताही होता.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमी लय जोरात वाचत हुता.”

हशा झाला. मीही हसले.

तेवढ्यात वस्तीतले सगळ्यात थोरले आजोबा काठी टेकून उठले. त्यांनी तरुणपणी खरोखर ढोरं ओढली होती. ते सांगायला लागले, “पोरी, आमी चौघं ओढायचो. शिवंच्या पल्याड. मागनं पाटलाचा गडी शिव्या देत यायचा. जेवत आसलो तरी हाक आली की ऊठ. आमी काय सोडलं सांगू? ती हाक सोडली. कातड्याचं नि माजं काय भांडान न्हाई. आपल्या बाजाला आपल्या हातानं लावायचं, तर कुनाची हाक आली हाय? लावा.”

बऱ्याच माना हलल्या. मला वाटलं, झालं. पण आत्या उठली.

“माजी सही ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला त्येचा वासच सोसत न्हाई. आमच्या घरात कातडं वाळत घातलेलं आसायचं तवा मी ल्हान हुते. तुमी काय बी लावा. मी ठेवनार न्हाई घरात.” मग माझ्याकडं वळून, “आनि तुजं ऐकून मी माजी नवी वहान नदीत सोडली. ही रबरी घातली, आंगठ्याला फोड आलाय. एकटीनं पाळलं मी. ह्या समद्या लबाडांत एकटीनं. त्येचं काय?”

कलम गेलं, आत्याची सही राहिली. तसंच लिहून ठेवलं: सर्वांनी मागं घेतलं, एक वगळून. वाकून तिच्या अंगठ्याला खोबरेल लावायला गेले, तर तिनं पाय मागं घेतला. म्हणाली, “आदी बाजा नीट कर.”

मंडईजवळ बसणाऱ्या चांभारकाकांकडं मी स्वतः गेले. शेळीचं सगळ्यात पातळ कातडं मागितलं, पाकिटाच्या आत अस्तराला लावतात तसलं. त्यांनी विचारलं, “एवढं पातळ? उंदराला जोडा शिवनार का?” मी सांगितलं, सॅक्सोफोनला. त्यांनी दोन तुकडे उजेडात धरून पाहिले, एक बाजूला टाकला. “ह्यात बारीक भोक हाय, वारा जाईल,” म्हणाले. या कामाला असा पारखी डोळा लागतो, हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. तुकडा कागदात गुंडाळून देत होते, मी नको म्हटलं. उघडा हातात घेऊन वस्तीतून चालत आले. फार मोठं धाडस केल्यासारखी. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पाच दिवस आम्ही बापलेक परत धोतरावर बसलो. रेक्झिन खरवडून काढलं, ते जळक्या टायरासारखं निघालं. ब्लँकेटचा आणखी एक कोपरा गेला. कातडं ओलं करून लोकरीवर ताणायचं, मागं चिकटवायचं, सावलीत वाळवायचं. शेवटी आबांनी तार जोडून बॅटरीचा बल्ब नळीत सोडला, खिडकीला पोतं लावून भर दुपारी अंधार केला आणि एकेक झाकण दाबलं. जिथं फट, तिथं उजेडाची रेघ. आत्या आत आली नाही, पण दारातून ओरडून सांगायची, “खालच्या झाकनातनं दिसतंय बघा! आंधळी हायसा का दोगं?” तिचा डोळा आमच्याहून तेज होता.

सांगलीला एसटीनं गेलो. मी बायकांच्या घोळक्यात, आत्याच्या शेजारी. तिनं मुद्दाम रबरीच घातली होती. पार्टी उभी राहिली तेव्हा मास्तरांच्या हातात खुळखुळा होता. त्यांनी तो आबांकडं नेला नाही, क्लॅरिनेटवाल्याच्या मेहुण्याला दिला. आबा पुढच्या ओळीत, फौजी कोट घालून, त्या उन्हात.

तोच चौक आला. आबांनी गाल भरले. आत्यानं माझा दंड इतका जोरात धरला की तिची नखं रुतली. आणि सूर आला. जाड, खालचा, थोडासा खरखरीत, कारण करंगळीच्या झाकणाचं पॅड मी कापलं होतं आणि ते पुरतं गोल नव्हतं. पण शिंक नाही. आबांनी तो सूर गरजेपेक्षा फार लांबवला. मास्तरांना थांबावं लागलं, ढोलाला थांबावं लागलं. मिरवणूकच थोडी अडली. आबांना कसली घाई नव्हती.

“पुरं की आता, फुटंल त्यो,” आत्या म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

तेव्हापासून मी बरीच पत्रकं लिहिली. पुढंही लिहीन, आवाजही चढवीन, स्वभाव आहे. त्या वेळी माझे वडील पुढच्या ओळीतून जवळजवळ मागं गेले होते, आणि ते कुणा शत्रूनं केलं नव्हतं. माझ्यावर माया करणाऱ्या चाळीसेक माणसांनी माझं चुकीचं वाक्य ऐकून घेतलं होतं, म्हणून झालं होतं. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती नुसती वाचून सोडू नका. माझ्यासारखं कुणी तुमच्यापुढं कागद घेऊन आलं, पोरगी कितीही चांगली असली, आवाज कितीही खणखणीत असला, तरी लगेच सही करू नका. तिला खाली बसवा, पाणी द्या, आणि जे वाक्य खटकतं त्यावर बोट ठेवून तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, तिच्याशी भांडा.